काचघराचं माप

दुपारच्या वेळी काचघरात शिडीवर चढून बसलं की माणसाला धड जागही राहत नाही आणि धड झोपही लागत नाही. खालून ओल्या मातीची वाफ वर येते, वरून ऊन उतरतं, आणि मधे माणूस लोंबकळत असतो, उकडायला टाकल्यासारखा. काचवाला त्या दिवशी असाच लोंबकळत होता. हातात मोजपट्टी, कानामागे पेन्सिल, डोळे अर्धे मिटलेले. खाली मोठाली पानं हलत होती. वाऱ्याचा पत्ता नव्हता, मग ती का हलत होती ते त्यांचं त्यांना ठाऊक. त्याला वाटलं, आपण तळ्यावर तरंगतोय आणि ही पानं, कुंड्या, ती पाइप घेऊन फिरणारी बाई, सगळं पाण्याखाली आहे.

तरी हात चुकत नव्हता. डोकं कुठेही भटको, हात मापावरच. लाकडी सांगाड्याच्या एकेका खणाला पट्टी लावायची, आकडा बघायचा, आणि तिथेच बाजूच्या लाकडावर पेन्सिलीने लिहून टाकायचा. कागदाची भानगडच नाही. कागद खिशातून पडतो, धुण्यात जातो, लाकूड कुठे जाणार?

काचघर रोपं विकणाऱ्या बाईंचं होतं. लांबलचक, सगळा सांगाडा लाकडी, वर दोन्ही अंगांना उतरतं छप्पर. कोणे एके काळी सगळी काचच होती म्हणे. ती फुटत फुटत गेली आणि बाईंनी तिथे प्लास्टिक मारलं, आणि उन्हाने प्लास्टिकच्या चिंध्या झाल्या. आता बाईंच्या मनात पुन्हा काच घालायचं आलं होतं. पण लाकूड बेट्याने इतकी वर्षं पाणी पिऊन आणि वाळून आपापल्या मर्जीने अंग टाकलेलं. एक खण दुसऱ्यासारखा नाही. सगळे सुटे सुटे मोजायचे. काच ज्या खाचेत टेकायची ती खाचही अशी बारीक, की नखाएवढी म्हटली तरी जास्तच सांगितल्यासारखं होईल.

आता एक गोष्ट इथेच सांगून टाकलेली बरी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. काच बसवणारे दोन तऱ्हेचे असतात. एक भोक लिहिणारे, एक काच लिहिणारे. काच कधी भोकाएवढी कापत नाहीत. चहूबाजूंनी सूतभर कमी ठेवतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. लाकूड फुगलं, काच तापली, तर अंग हलवायला जागा नको? तर भोक लिहिणारा माणूस भोकाचं माप लिहून घेतो आणि काच सांगताना, म्हणजे मागवताना, सूत कमी करतो. काच लिहिणारा शिडीवरच मनातल्या मनात सूत कमी करतो आणि थेट काचेचंच माप लिहितो. काचवाल्याचा बाप काच लिहायचा. म्हणून हाही काच लिहायचा. यात कमीजास्त काही नाही, ज्याची त्याची सवय. फक्त एकाचं माप दुसऱ्याने उचलू नये, एवढंच.

ह्या काचघरावर त्याचा जीव जडला होता. पहिल्यांदा आत पाऊल टाकलं तेव्हाच. आजवर त्याने खिडक्या केल्या, दुकानांचे दर्शनी भाग केले, न्हाव्यांचे आरसे केले. ती सगळी काच भिंतीच्या पदराला धरून राहणारी. इथे भिंतच नाही. काचच घर, काचच छप्पर. आयुष्यात असं एक काम हातून व्हावं आणि मग हात थरथरायला लागले तरी चालेल, असं त्याला शिडीवर बसून वाटायचं.

आणि दुसरीही गोष्ट होती. दुकान आटत चाललं होतं. हे काम मिळालं तर वर्ष निघेल, नाहीतर शटर ओढून साडूच्या हाताखाली जायचं, हे घरात न बोलताच ठरल्यासारखं झालं होतं. साडू म्हणजे त्याच्या मेहुणीचा नवरा. तो आधी ॲल्युमिनियमच्या खिडक्या विकायचा, मग काचेतही आला. त्याचा धंदा जोरात. तो दर वेळी म्हणायचा, दादा, या माझ्याकडे, तुमच्यासारखा हात कोणाचा आहे? प्रेमानेच म्हणायचा. तेच जास्त लागायचं.

शेवटचा खण मोजून तो खाली उतरला तेव्हा बाईंनी चहा आणून ठेवला होता. बाई उंच, सडसडीत, नखात कायम माती, बोलायला खडखडीत. दोन उलट्या कुंड्यांवर दोघं बसले. चहा पिता पिता बाईंनी गेटकडे बोट दाखवलं आणि सुरू झाल्या. गेटबाहेर एक हातगाडीवाला उभा राहतो. हीच रोपं, ह्यांच्याहून स्वस्त. त्याला जागेचं भाडं नाही, पाण्याचं बिल नाही, टॅक्स नाही, पोरींचे पगार नाहीत. माणसं ह्यांच्याकडे आत येऊन सगळं विचारून घेतात, कुठलं उन्हात ठेवायचं, कुठलं सावलीत, आणि जाताना त्याच्याकडून घेतात. सांगा, ह्याला काय न्याय म्हणायचा?

काचवाल्याने मान डोलावली. अगदी मनापासून डोलावली, आणि पायाजवळची पिशवी हळूच पायामागे सरकवली. पिशवीत एक रोप होतं. सकाळी येताना गेटवर बायकोसाठी घेतलं होतं.

मग त्याने आकडा सांगितला. काच इतकी, मजुरी इतकी, वर टॅक्स इतका. बाईंनी कप खाली ठेवला.

"आणि बिलाशिवाय?"

"बिलाशिवाय मी करत नाही, बाई."

"अहो, टॅक्सचा तेवढा भाग काढला तर मला परवडतंय. मला कुठे बिल कोणाला दाखवायचंय? तुमच्याच कष्टाचे पैसे तुम्हाला मिळणार, सरकारला कशाला?"

उत्तर त्याच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. आत्ताच तुम्ही त्या गाडीवाल्याला शिव्या घातल्यात, आणि मला म्हणता त्याच्यासारखा हो. पण तेवढ्यात पिशवीच्या तोंडातून त्या रोपट्याचं एक पान बाहेर डोकावलं, नेमकं बाईंच्या दिशेने. काचवाल्याने उत्तर चहाच्या घोटाबरोबर गिळलं. बाईंनी ते पान बघितलं. गाडीवाल्याच्या कुंडीचा काळा प्लास्टिकचा काठही बघितला असणार. पण त्या एवढंच म्हणाल्या, की आणखी एकाला विचारून बघते, मग कळवते.

तो उठला. दारातून एकदा मागे वळून बघितलं. लाकडावर त्याचे आकडे रांगेने उभे होते, बारीक, करडे, मुंग्यांसारखे. वाटलं, आता कोणत्याही क्षणी चालायला लागतील.

त्या आठवड्यात सगळे सासूबाईंकडे जेवायला जमले. सासूबाई म्हणजे गुडघ्यांनी आणि कानांनी रजा घेतलेली, पण जिभेने अजून हजर असलेली बाई. दारातच त्यांनी थोरल्या जावयाला सांगितलं, की जावईबापू, आता जरा आदराने वागायचं, मी आता काचेची व्यापारी आहे. काचवाल्याला कळेना. बायको तोंडावर पदर धरून हसायला लागली.

मग साडूने जेवता जेवता सगळं उलगडून सांगितलं. वर्षाला एका ठराविक रकमेच्या आत धंदा करणाऱ्याला टॅक्स लावावा लागत नाही, छोट्या माणसाला सरकारने सूट दिलेली आहे. (काचवाल्याचं दुकान चांगल्या दिवसांतच ती रक्कम ओलांडून गेलेलं, तेव्हापासून तो टॅक्स लावतच आला होता.) तर त्याचा स्वतःचा धंदा त्या रकमेशी येऊन ठेपला तेव्हा त्याने दुसरा धंदा बायकोच्या नावावर काढला. तोही भरत आला तेव्हा सासूबाईंच्या नावावर. तीन धंदे, तिन्ही छोटे, तिन्हींना सूट. काच एकाच दुकानातून येते, माणसं तीच, टेम्पो तोच. सासूबाईंना फक्त सही करायची असते, आणि त्या सही मोठ्या झोकात करतात.

"आई, तुमच्या दुकानात काय काय मिळतं, सांगा दादांना," साडू म्हणाला.

"सगळं मिळतं," सासूबाई म्हणाल्या. "आरसे मिळतात. चष्मे मिळतात."

सगळे हसले. काचवालाही हसला. मग हसू ओसरल्यावर त्याला राहवलं नाही, म्हणाला, की अरे, तुझी काच आणि माझी काच एकाच भट्टीतली, तुझ्या माणसाचा घाम आणि माझा घाम सारखाच खारट, मग तुझा भाव खाली कसा येतो? तू सरकारचा वाटा गिऱ्हाइकाला देतोस आणि वर दिलदार म्हणवून घेतोस.

साडूला राग आला नाही. तो रागवणाऱ्यातला नव्हताच. त्याने शांतपणे सांगितलं, की मी चोरी करत नाही, कायद्यात बसतं ते करतो. मोठ्या कंपन्या हेच करतात, फक्त त्यांच्याकडे सासूऐवजी वकील असतो. आणि तुम्ही इतकी वर्षं टॅक्स भरलात, दादा, तुमच्या दुकानासमोरचा खड्डा बुजला का?

खड्डा बुजला नव्हता, हे खरं होतं. त्यात तर आता बेडूक राहायला लागले होते.

"सूट छोट्या माणसाला आहे," काचवाला म्हणाला. "तू तीन छोटी माणसं झालायस."

"मग तुम्ही चौथे व्हा. आईंचं नाव अजून अर्धं रिकामं आहे."

सासूबाईंनी आपलं नाव ऐकून मान वर केली आणि कोणाला अजून वाढू का म्हणून विचारलं. काचवाल्याच्या बायकोने नवऱ्याकडे बघितलं. त्या बघण्यात, जा एकदाचे, असंही होतं आणि, नका जाऊ, असंही होतं. पंचवीसेक वर्षांचा संसार झाला की बायकोच्या डोळ्यांत दोन्ही एकदम मावतं.

मग साडू सहज बोलून गेला. एक झकास काम आलंय, म्हणाला, गावाबाहेर रोपांचं काचघर आहे. आईंच्या नावावर घेतोय. बाईंनी सांगितलं की आधी एक जण मोजून गेलाय, सगळी मापं तिथे लाकडावरच लिहिलेली आहेत. म्हणजे शिडीवर चढायचाही त्रास नाही, जाऊन उतरवून आणायची, काच सांगायची. म्हणूनच भाव अजून खाली धरला.

काचवाल्याच्या हातातला पाण्याचा काचेचा पेला तसाच राहिला. पेल्यातून पलीकडचा साडू वाकडा दिसत होता, कपाळ रुंद, हनुवटी गायब. साडू भोक लिहिणारा. खिडक्यांच्या धंद्यात सगळे भोकच लिहितात. तो ते आकडे उतरवणार, भोक समजून, आणि काच सांगताना आणखी सूत सूत कमी करणार. म्हणजे दोनदा कमी. नखाएवढ्या खाचेवर ती काच एका अंगाला टेकवली तर दुसरं अंग हवेत. आणि छपराची काच भट्टीत तावलेली, टफन केलेली, लागते. ती तावून निघाली की तिला कुणाचा बाप कापू शकत नाही, आणि वाढवू तर देवही शकत नाही. सगळा माल वाया.

आणि मग बाई कोणाकडे येणार? त्याच्याकडेच.

हे सगळं त्याला एका घोटाच्या वेळात दिसलं. मग त्याने पाणी पिऊन पेला खाली ठेवला, आणि काही बोलला नाही.

परत येताना बायकोने विचारलं, अहो, ती मापं तुमचीच ना? तो हो म्हणाला. ती म्हणाली, बघा, म्हणजे तुमच्या मेहनतीवर तो स्वस्त झाला. मग थोडं चालून म्हणाली, की पण तो तरी काय करणार, त्याच्याही घरात खाणारी तोंडं आहेत. सुताचं तिला माहीत नव्हतं. त्याने सांगितलंही नाही.

पुढचे काही दिवस त्याचं चित्त कशावर नव्हतं. दुकानात गिऱ्हाईक नाही, खड्ड्यातले बेडूक बोलायचे, आणि हा उभ्या काचांच्या मधे स्टुलावर बसून डुलक्या काढायचा. डुलकीत त्याला काचघर दिसायचं. वरून काचा सुटायच्या आणि खाली यायच्या, पण पडायच्या नाहीत, पानांसारख्या हेलकावे खात यायच्या, या अंगावरून त्या अंगावर. आवाज नाही. खाली बाई पाइप घेऊन उभी, वर बघतेय, आणि काचा तिच्या भोवती एकेक करून येऊन टेकतायत. सासूबाईही असायच्या. खुर्चीवर बसून सह्या करायच्या. जी काच खाली येईल तिच्यावर सही. तो ओरडायला जायचा तर तोंडातून आवाजाऐवजी वाफ निघायची आणि काचांवर धुकं धरायचं. मग कोणीतरी टेम्पोचा हॉर्न वाजवायचा आणि हा जागा व्हायचा, घामाने चिंब.

जागेपणी तो स्वतःला समजवायचा. मी काय केलं? मी माझं माप माझ्या सवयीने लिहिलं. कोणी फुकट उचलावं असं थोडंच म्हटलं होतं? तो माझ्या मापावर स्वस्त होतो, टॅक्स चुकवून स्वस्त होतो, आणि मीच त्याला सावध करू? करू दे की चूक. बोलणं खोटं असतं, गप्प बसणं थोडंच खोटं असतं?

समजूत पटायची. पटली की पुन्हा डुलकी यायची, आणि डुलकीत पुन्हा काचा.

एका दुपारी तो शटर अर्धं ओढून काचघराकडे चालत गेला. कशाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. गेटवर गाडीवाल्याने ओळखीचं हसू दिलं, याने नजर चुकवली. आत बाई दिसल्या नाहीत. काचघरात तीच वाफ, तेच हिरवं पाणी. तो पानांच्या मधून चालत गेला तर शेवटच्या टोकाला साडू उभा. लाकडाला नाक लावून आकडे उतरवत होता, ओठ हलवत, शाळेतल्या पोरासारखा. बरेचसे उतरवूनही झाले होते.

"दादा? तुम्ही इकडे कुठे?" मग त्याने लाकडाकडे बघितलं, मग काचवाल्याच्या कानामागच्या पेन्सिलीकडे. आणि त्याचा चेहरा पडला. "हे तुमचे आकडे आहेत होय. देवाशप्पथ, मला माहीत नव्हतं. बाई नुसतं एक जण म्हणाल्या. तरी म्हटलं, सात असा शेपटीवाला कोण काढतो."

काचवाला कुंडीवर बसला. साडू उभाच राहिला, मान खाली घालून. वर फाटकं प्लास्टिक उगाच फडफडत होतं. इथे नुसतं उठून जायचं होतं. बरं मग, चालू दे, असं म्हणायचं, आणि उठायचं. काचघर आपोआप त्याच्याकडे चालत आलं असतं. त्याने वर बघितलं. सगळे खण रिकामे, प्रत्येकात आभाळाचा एकेक तुकडा बसवल्यासारखा, अगदी मापात. आणि त्यांच्याखाली रोपं निवडणाऱ्या दोन पोरी, कुंड्यांमधे वाकलेल्या, गुणगुणत. त्यांना वर काय आहे याचा पत्ता नाही.

"ते भोक नाही," तो म्हणाला. "ती काच आहे."

"काय?"

"आकडे काचेचे आहेत. सूत आधीच काढलेलं आहे. तू अजून काढशील."

साडू हातातल्या कागदाकडे बघत राहिला. माणूस हुशार होता, सांगावं लागलं नाही. त्याने लाकडावरची खाच बोटाने चाचपली, एकदा, दोनदा. मग हळूच खाली बसला, मातीतच.

"काच आजच सांगणार होतो," तो म्हणाला. मग हातावरची माती झटकत, "का सांगितलंत?"

काचवाल्याला खरं तर त्या पोरींकडे बोट दाखवायचं होतं, पण तसलं बोलायला त्याला लाज वाटायची. तो म्हणाला, "सासूबाईंचा धंदा बुडाला असता."

साडू खो खो हसला आणि हसता हसता त्याने डोळे पुसले. मग तो त्याच्या स्वभावाप्रमाणे लगेच हिशेबाला लागला. म्हणाला, दादा, असं करू. काम मी घेतो, बसवा तुम्ही. माप तुमचं, हात तुमचा, काचघर तुमच्या मनासारखं होईल. फक्त तुमचं बिल नको, काम आईंच्या नावावर राहू दे. बाईंना परवडेल, मला परवडेल, तुम्हाला तुमच्या कामाहून दोन पैसे जास्तच सुटतील. काय वाईट आहे यात?

वाईट काहीच नव्हतं, हीच तर पंचाईत. ते काचघर त्याच्या पुढ्यात आणून ठेवलं होतं, नुसता हात पुढे करायचा. गरम हवेत त्याला पुन्हा गुंगी आल्यासारखं झालं. वरचे खण भरलेले दिसायला लागले, एकेक काच बसतेय, ऊन तिच्यातून गाळून येतंय.

"आणि वरून एखादी सुटली तर?" तो म्हणाला.

"तुमच्या हातची सुटणार नाही."

"सुटली तर. बिलावर माझं नाव असतं. बाई माझ्या दारात येऊन मला धरतील. माझं बिल नसलं तर कोणाला धरणार? तुझ्या त्या तिसऱ्या दुकानाला? सासूबाईंना तर जिना चढवत नाही."

 साडूने वर बघितलं, खूप वेळ. खिडकीची काच सुटली तर बाहेर पडते. ही पोरींच्या डोक्यावर पडणार. साडूने आयुष्यात उभीच काच बसवली होती, आडवी कधी नाही. मग त्याने तो कागद चुरगाळून खिशात घातला. "हे माझ्याच्याने व्हायचं नाही," तो म्हणाला. "शिडी चढून पुन्हा सगळं मोजायचं म्हटलं तरी माझा भाव तुमच्या जवळच जाईल. आणि वर हे असलं लाकूड. घ्या तुमचं तुम्ही."

बाई मागे कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या ते दोघांना कळलं नाही. त्यांनी किती ऐकलं होतं कोण जाणे. त्या म्हणाल्या, वा, म्हणजे तुम्ही दोघे नातेवाईक मिळून मला महागात पाडणार तर.

पण त्याही उलट्या कुंडीवर बसल्या. काचवाल्याने आकडा तोच सांगितला, एक पै खाली नाही. बाईंनी डोळे मिटून हिशेब केला. माझ्याकडे आहेत ते एवढेच, म्हणाल्या, तुमच्या टॅक्सच्या पैशात जेवढी काच येते तेवढे खण मोकळे सोडा, तिथे प्लास्टिक राहू दे. काचवाला म्हणाला, पण बाई, काच कमी झाली की टॅक्सही कमी होतो, मग त्यात अजून एखादा खण बसतो. बाई म्हणाल्या, आणि त्या खणाचा टॅक्स? असं करत तिघंही त्या हिशेबात गोल गोल फिरले आणि शेवटी साडूच म्हणाला, की बास, टोकाची एक रांग सोडा आणि विषय संपवा.

काच आली. बसवायला महिना लागला. एवढी काच एकट्याने बसत नाही, खालून धरायला कोणीतरी लागतं, तर साडू आपला टेम्पो सोडून येऊन उभा राहायचा. काचवाल्याने त्याला रोज सांगितलं, रोजी घे. त्याने घेतली नाही. घेतली तर तुम्ही पावती मागाल, म्हणायचा. त्याचे तीन धंदे तसेच चालू होते, सासूबाईंच्या सह्याही चालू होत्या, आणि दुसऱ्या एका कामात काचवाल्याचा भाव त्याने त्याच महिन्यात खाली पाडला होता. ते दोघांनाही माहीत होतं. काच वर जाताना दोघं त्यावर बोलत नव्हते.

शेवटची काच बसली तेव्हा दुपार होती. काचवाला खाली उतरून काचघराच्या मधोमध उभा राहिला. वरून ऊन येत होतं, पण आता त्याला धार नव्हती. ते पाण्यासारखं सावकाश उतरत होतं आणि पानांवर पसरत होतं. प्रत्येक खणाची चौकट जमिनीवर पडली होती, थोडी वाकडी, लाकूड वाकडं होतं तशीच. आणि टोकाला ती एक रांग. तिथे नवं प्लास्टिक, दुधी, मंद उजेडाचं, जणू तिथेच तेवढी सकाळ उजाडायची राहून गेली होती.

बाई येऊन शेजारी उभ्या राहिल्या. काम चालू असल्यापासूनच गिऱ्हाईक आलं की त्या सगळं फिरून दाखवायच्या, आणि त्या रांगेपाशी पोचल्या की सांगायच्या, हे माझं काचघर, आणि हा पलीकडचा सरकारी खण. आत्ताही त्यांनी तिकडे बोट केलं.

"तुमचं सरकार उन्हात बसतं का हो तिथे?"

"बसत असेल," काचवाला म्हणाला. त्याची मान अजून वरच होती. "मला त्या रांगेची मापं पाठ आहेत. पैसे जमले की सांगा."

 बाईंनी पाइप सोडला. बारीक फवारा उठला, काचेखालच्या उन्हात क्षणभर रंग चमकले आणि पलीकडे दुधात विरून गेले. काचवाला तिथेच उभा राहिला, भिजत, डोळे अर्धे मिटून, आणि साडू दारातून हाका मारत होता की दादा, चहा गार होतोय.